नुसतं वरनं फिरवायचंय

"ताई, नुसतं वरनं फिरवायचंय," असं म्हणत जे गिऱ्हाईक येतं, त्याच्यापायी माझा सगळ्यात जास्त वेळ जातो. नवा टॅटू काढायला आलेला माणूस मोबाइलमधलं चित्र दाखवतो, जागा दाखवतो, थोडी घासाघीस करतो आणि खुर्चीत बसतो. जुनं काम घेऊन आलेल्याचं तसं नसतं. त्याचा हिशेब साधा: रंग उडालाय, भिंतीला मारतात तसा दुसरा हात मारला की झालं. मी त्याचा दंड दिव्याखाली धरून बोटानं चाचपत बसले की त्याला वाटतं, ही भाव वाढवायची तयारी चाललीय.

राजारामपुरीतल्या माझ्या दुकानाच्या पाटीवर 'स्टुडिओ' लिहिलंय, पण घरी आणि गल्लीत सगळे दुकानच म्हणतात. तिथं येणारं जुनं काम ढोबळमानानं तीन पिढ्यांचं असतं. हनुवटीवरचे ठिपके आणि हातावरची तुळस हे गोंदणारणीच्या सुयांचं. काजळीत झाडपाल्याचा रस घालायचा आणि सुयांची जुडी बांधून टोचायचं. त्यानंतरचं जत्रेतलं. ज्योतिबाच्या चैत्र यात्रेत, नाहीतर नरसोबाच्या वाडीला, पालाखाली बसलेल्या माणसानं मशीननं काढलेलं. त्याच्यापुढं एक पुठ्ठा असायचा आणि त्यावर बजरंगबली, विंचू, त्रिशूळ, बाण मारलेला बदाम. नाव हवं असेल तर अक्षरामागं पैसे. सुई एकच, शाईची वाटी एकच, आणि रांगेतल्या सगळ्यांना तीच. त्यातून बी आणि सी प्रकारची कावीळ किंवा एचआयव्ही पसरू शकतो, हे तेव्हा कुणाच्या गावीही नव्हतं. तिसरं म्हणजे अलीकडचं, कॉलेजातलं: आडवा आठ, मोराचं पीस, पिसातून उडत गेलेले पक्षी, आणि कुणाचं तरी इंग्रजी वचन.

तिन्ही प्रकारांत लोकांची तक्रार एकच असते, की शाई उडाली. खरं तर ती फारशी उडत नाही. पसरते.

कातडीचा वरचा थर साधारण महिनाभरात बदलून जातो, म्हणून शाई त्याच्या खाली, एक ते दोन मिलिमीटर खोल टाकावी लागते. तिथं ती नुसती साठून राहत नाही. बाहेरचं काही आत शिरलं की ते गिळून टाकणाऱ्या पेशी शरीरात असतात, मॅक्रोफेज म्हणतात त्यांना. त्या शाईचे कण गिळतात, पण पचवू शकत नाहीत. फ्रान्समधल्या मार्सेयच्या संशोधकांनी 2018 मध्ये उंदरांवर प्रयोग करून दाखवलं की अशी पेशी मेली की तिच्यातली शाई बाहेर पडते आणि तिथं आलेली नवी पेशी तीच शाई पुन्हा गिळते. म्हणजे आपण ज्याला कायमचं म्हणतो ते आत सारखं एकाकडून दुसऱ्याकडं जात असतं. वर्षांमागून वर्षं गेली की रेघेच्या कडा फुटतात. काही कण शरीर वाहून नेतं, काही ऊन फोडतं. म्हणून जुनी रेघ फिकी होते आणि त्याच वेळी रुंदही होते. काळ्याची निळी-हिरवी होते, कारण आपण ती वरच्या कातडीतून बघत असतो आणि खोलवरच्या काळ्यावरून डोळ्यापर्यंत परत येणाऱ्या उजेडात निळा भाग जास्त असतो.

आता या रुंद, हिरवट रेघेवर 'नुसतं वरनं फिरवायचं' म्हणजे काय करायचं? मूळ रेघ होती तेवढी बारीक काढली, तर हिरव्या सावलीत एक काळी तार पडल्यासारखी दिसते, एका रेघेच्या दोन होतात. रुंदी झाकेल एवढी जाड काढली, तर विंचवाच्या नांग्या आणि पाय एकमेकांना चिकटतात. शिवाय शाईचा एक हट्ट असा की ती पारदर्शक असते. गडदावर फिकं टाकून काही झाकत नाही, खालचं वर दिसतंच. सुई आपल्याला फक्त गडदाकडं नेते. उलट जायचं तर लेसर, आणि ते काम माझं नाही, कातडीच्या डॉक्टरांचं.

म्हणून आधी बघणं. डोळे मिटून बोट फिरवलं तर चांगल्या कामाची रेघ हाताला लागायला नको. जत्रेतल्या मशीनची हमखास लागते, कारण तो माणूस घाईत खोल जायचा आणि तिथं व्रण उठायचा. व्रणाची कातडी शाई धड घेत नाही, एका जागी पिते आणि शेजारी थुंकते. मग विचारपूस. साखर आहे का? रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे का? कान टोचल्यावर कधी गाठ आली होती का? जुन्या टॅटूत खाज, लाली, फुगवटा असेल तर मी सुई काढतच नाही, डॉक्टरांचा कागद आणायला सांगते. तीळ असला तर त्याला वगळून काम करते, तीळ बदलतोय का हे उद्या दिसायला हवं. माणूस काम काय करतो हेही विचारते. ऊसतोडीच्या दिवसांत पाल्यानं चिरलेल्या हातावर, किंवा गुऱ्हाळात चुलवाणासमोर उभं राहणाऱ्याच्या हातावर ताजं काम म्हणजे जखमेला आमंत्रण.

एवढं झाल्यावर खरा प्रश्न: ताजं करायचं, वाढवायचं, झाकायचं, की आहे तसं ठेवायचं? गिऱ्हाइकाला पहिलं हवं असतं. धंद्याला दुसरं आणि तिसरं परवडतं, कारण जुनं झाकायचं तर नवं चित्र त्याच्या दुप्पट-तिप्पट मोठं घ्यावं लागतं. चौथ्यात कुणालाच पैसे मिळत नाहीत. मी चौथा सल्ला बराच देते आणि नवरा म्हणतो की अशानं दुकानाचं भाडं निघणार नाही.

भरतीची तयारी करणारी पोरं हा इथला एक वेगळाच कप्पा. एकाच्या मनगटाच्या आतल्या अंगाला 'आई' होतं, फिकं झालेलं. त्याला ते ताजं करून भोवतीनं माळ हवी होती, मनगटाला पूर्ण वेढा घालणारी. सैन्यभरतीत टॅटू चालतो तो हाताच्या आतल्या अंगाला, कोपरापासून मनगटापर्यंत, आणि पंजाच्या मागच्या बाजूला. रूढीनं गोंदून घेणाऱ्या आदिवासी उमेदवारांना सवलत आहे, बाकीच्यांना नाही. माळ बाहेरच्या अंगावर गेली की पोरगा मैदानात कितीही पळाला तरी वैद्यकीय तपासणीत अडकणार. "भरती होऊन ये, मग बघू," म्हणून परत पाठवला. तो नाराज होऊन गेला. शेजारच्या गल्लीत कुणी करून दिलं असेल तर मला माहीत नाही.

एका मुलीनं तिच्या आजीला आणलं, पंचाहत्तरीची भेट म्हणून. नात पुण्यात नोकरीला. आजीच्या हातावरची तुळस आणि हनुवटीवरचे तीन ठिपके ताजे करून द्यायचे, शिवाय तीच तुळस नातीच्या हातावर, थोडी वाढवून, वृंदावनासकट. वारसा वगैरे शब्द तिच्या बोलण्यात होते. मी आजीचा हात हातात घेतला तेव्हाच माझं उत्तर ठरलं होतं. त्या वयाची मनगटाकडची कातडी इतकी पातळ असते की चिमटीत धरली तर निळा डाग पडतो, आणि आजींना हृदयाच्या दुखण्यानंतर रक्त पातळ करायची गोळी चालू होती. सुई लावायचा प्रश्नच नव्हता. पण मी तोंड उघडायच्या आधी आजीच नातीला म्हणाल्या, "मी काय ह्या वयात नटतो व्हय? दिसतंय की जेवढं दिसायचं तेवढं."

मग त्या बोलायला लागल्या. सात-आठ वर्षांच्या असताना दोघी चुलत्यांनी हात-पाय धरले होते. त्या ओरडत होत्या आणि गोंदणारीण गाणं म्हणत होती. गोंदलं नाही तर सासरी हातचं पाणी घेणार नाहीत, असं घरात सांगितलेलं. मेल्यावर सोनं काढून घेतात, गोंदण तेवढं बरोबर येतं, हेही सांगितलेलं. लग्नानंतर नवऱ्याबरोबर मुंबईला, लालबागच्या चाळीत. तिथं हनुवटीकडं लोक टक लावून बघायचे, म्हणून बाहेर पडताना ठिपक्यांवर पावडर. मालकांची गिरणी बंद पडून गावी परत येईपर्यंत पावडर लावत होते, म्हणाल्या. आणि मग मला विचारलं, "हे हनुवटीचं जाईल काय गं?"

नात गप्प झाली. मी जे खरं ते सांगितलं. जाईल. लेसरला काळं सगळ्यात सोपं, आणि काजळीचं हातानं टोचलेलं गोंदण दुकानातल्या दाट शाईपेक्षा लवकर फिकं पडतं. आपल्या सावळ्या कातडीला 1064 नॅनोमीटरचं लेसर त्यातल्या त्यात सुरक्षित, पण ते जाणत्या डॉक्टरांकडूनच घ्यायचं, तेही बऱ्याच वेळा, आणि दर दोन वेळांमध्ये सहा-आठ आठवडे जाऊ द्यायचे. आजींनी बोटांवर हिशेब केला. "म्हंजे वरीसभर. पावडर स्वस्त पडली."

नातीनं स्वतःच्या तुळशीचं काय करू असं मला नाही, आजीला विचारलं. "तुला कुणी धरून ठेवलंय व्हय? हौस असंल तर काढ की," एवढंच उत्तर मिळालं. तिनं त्या दिवशी काही काढलं नाही. त्यानंतर जुन्या गोंदणाबद्दल कुणी भरभरून बोलायला लागलं की मी आधी ज्याच्या अंगावर ते आहे त्याला बोलतं करते.

पिसं आणि पक्ष्यांबद्दल मला फार सांगायचं नाही. पक्ष्यांचे ठिपके झालेले असतात आणि मालकिणीला त्यांची लाज वाटत असते. तिला कोपरापासून मनगटापर्यंत फुलांची वेल हवी असते, केसाएवढ्या रेघांची, कारण मोबाइलवर तसली दिसते. मोबाइलवरचा फोटो सुई थांबल्यावर दहा मिनिटांत काढलेला असतो. पाच वर्षांनंतरचा कुणी टाकत नाही. माझ्या घोट्यावर शिकत असताना मीच काढलेली चांदणी आहे. ती मी ताजी केली नाही, वाढवलीही नाही. बारीक रेघेचं पुढं काय होतं हे दाखवायला तो माझा नमुना आहे. पाय वर करून घोटा दाखवला की निम्म्या जणी रेघ जाड करायला तयार होतात. बाकीच्या दुसरीकडं जातात.

पण वाढवण्याचा निर्णय किती कठीण असू शकतो हे मला एका बदामानं शिकवलं. पेठेतले गृहस्थ, एकेकाळी तालमीत घुमलेले, आता वाहनांच्या सुट्या भागांचं दुकान. सोबत बायको. उजव्या हातावर बदाम आणि त्यात नाव. लग्न ठरायच्याही आधी ज्योतिबाच्या डोंगरावर काढून घेतलेलं, म्हणजे तसं धाडसच. पुढं मोटारसायकलवर हात रोज उन्हात. नाव 'विभा'. आता वाचायला येत होतं 'विमा'.

देवनागरी अक्षरं अंगावर काढणाऱ्याला हे दुखणं ठाऊक असतं. भ आणि म यांच्यात फरक तो केवढा? डोक्यावरच्या रेघेत एक छोटा खंड आणि डाव्या बाजूला एक वळण. शाई पसरली की खंड बुजतो, वळण भरून जातं, आणि बायकोच्या नावाची पॉलिसी होते. ध आणि घ यांचंही तेच. मंडळातली पोरं त्यांना विचारत, "काका, कितीचा काढलाय?" काकांना याचं फारसं काही वाटत नव्हतं. काकूंना वाटत होतं.

काकांनी उपाय शोधूनच आणला होता. कुठल्यातरी व्हिडिओत कातडीच्या रंगाची शाई पाहिली होती, ती खंडात भरायची. मी नाही म्हणाले. तसली शाई पहिल्या महिन्यात छान दिसते. पुढं ऊन खाऊन कातडीचा रंग बदलतो, शाईचा बदलत नाही, आणि तिथं पिवळट ठिगळ उरतं. वर, त्यात पांढरा रंग मिसळलेला असतो, तो लेसरखाली कधीकधी काळा पडतो, म्हणजे परतीची वाटही अवघड. नुसता खंड लेसरनं उघडायचा हाही विचार झाला. एक-दीड मिलिमीटरची फट नेमकी तेवढीच पुसायची, पुन्हा तिथं पांढरा डाग पडायची भीती. पण काकांचं म्हणणं वेगळंच होतं: "बायकोचं नाव पुसायला डॉक्टरकडं गेलो, असं होईल की."

आतून खोडता येत नाही म्हटल्यावर बाहेर वाढणं एवढंच उरतं. जुनं अक्षर नव्याच्या पोटात घ्यायचं. भ चं वळण जुन्याच्या बाहेरून न्यायचं, डोक्यावरची रेघ वर सरकवायची, खंड नव्या उंचीवर रुंद ठेवायचा. त्यासाठी अक्षर दीडपट तरी व्हायला हवं. दीडपट अक्षर बदामात मावत नाही. मग बदाम मोठा करायचा. मोठ्या बदामाच्या आत जुन्या बदामाची रेघ उघडी पडते, ती झाकायला आत छटा. छटा नुसती बरी दिसत नाही, म्हणून पानं. मी कागदावर काढत गेले आणि अर्धा हात भरला. काकूंनी चष्मा लावून बघितलं. "एवढं? दुकानाची पाटी आहे का ती?"

मी दुसरं काढलं, तेही तेवढंच मोठं झालं. तेव्हा काकू म्हणाल्या, "बदामाला कशाला हात लावताय? त्याचं त्याला असू दे. नाव तेवढं सुधारा."

मी मान हलवायच्या बेतात होते. फिक्या जुन्या रेघेवरून ताजी काळी अक्षरं गेली तर विसंगत दिसणार, हे आम्हाला पाठ असतं. पण मार्करनं हातावर काढून पाहिलं आणि ते विसंगत दिसेना. हिरवट बदाम मागं गेला आणि नाव त्याच्या दोन्ही कडा ओलांडून पुढं आलं. जुन्याला जुनंच ठेवल्यामुळं नव्याला जागा मिळाली. सुचायला हवं होतं ते मला, सुचलं काकूंना. भजीवाल्याला भाव विचारावा तशा सहज त्या बोलून गेल्या.

ते मार्करचं चित्र मी पुसू दिलं नाही. जुन्या कामावर काही करायचं असलं की मी आधी पेनानं काढून माणसाला घरी पाठवते. तीन-चार दिवस आरशात, चहाच्या टपरीवर, चारचौघांत ते अंगावर वागवू दे. पुष्कळ निर्णय त्यातच बदलतात. काका तालमीत जाऊन आले. कुणी विम्याचं विचारलं नाही. पण तारीख त्यांनी शिवजयंतीनंतरची मागितली. मंडळाच्या शिबिरात ते दर वर्षी रक्त देतात, आणि टॅटूनंतर बारा महिने रक्तदान करता येत नाही, मग तो नवा असो की जुन्यावर फिरवलेला. यंदाचं देऊन येतो, पुढच्या वर्षी सुट्टी, म्हणाले.

काम दोन बैठकांत केलं. व्रण उठलेल्या रेघेवर मशीन सावकाश चालवायचं आणि शाई बसली नाही म्हणून पुन्हा पुन्हा त्याच जागी जायचं नाही. आधीच दुखावलेली कातडी फाटते आणि मग नवी शाईही फुटते. पहिल्यांदा अक्षरांच्या कडा, पाच-सहा आठवड्यांनी जिथं शाई धरली नाही तिथं भरणी. वि आणि काना लगेच धरले. भ च्या वळणात मात्र जुन्या माणसाची सुई इतकी खोल गेली होती की तिथं बोटाला गाठच लागायची. तेवढा भाग किंचित फिका राहिला. काकूंना तो दाखवून सांगितलं, यापुढं मी हात लावणार नाही. त्या म्हणाल्या, वाचता येतंय, पुरे. पैशांचं बोलणं मात्र काकांनी शेवटपर्यंत सोडलं नाही. जुन्या नावाचे जत्रेतल्या माणसाला किती दिले होते ते त्यांना अजून पाठ होतं.

यंदा ते पुन्हा आले, दोघंही. आता बदामाखाली मुलाचं नाव घ्यायचंय, त्याच अक्षरात. मी नाव विचारलं. शुभम.

मी पॅडवर मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि त्यांच्याकडं सरकवलं. काकांना काही दिसलं नाही. काकू हसायला लागल्या. "ह्यात तर दोन्ही शेजारीशेजारी बसलेत."

भ आणि म वीस वर्षांनीही वेगळे दिसायचे तर अक्षर आधीच्या नावापेक्षा मोठं घ्यावं लागेल, म्हणजे मनगटापर्यंत हात भरेल आणि मुलाचं नाव बायकोच्या नावापेक्षा ठळक होईल, हे मी सांगितलं. त्यावर त्या दोघांत जे बोलणं झालं ते इथं लिहिण्यासारखं नाही. शेवटी मीच विचारलं, घरात त्याला हाक काय मारता?

"पिंट्या," काका म्हणाले.

ते नाव लहान अक्षरातही टिकेल, म्हातारपणीसुद्धा वाचता येईल, एवढं मी त्यांना खात्रीनं सांगितलं. ते मुलाला विचारून येणार आहेत. मुलगा बेंगळुरूला इंजिनिअर आहे.